चाळिसाव्या खोलीनंतरच्या पाट्या

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणायचे, आणि त्याचा तिला भयंकर राग होता. तिचा सख्खा धाकटा दीर त्या गेमिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख. त्याने पहिल्याच दिवशी चारचौघांत "या वहिनी, बसा" म्हणून जी सुरुवात केली, ती बारा वर्षांत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसली. तिला आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते आता दोनच ठिकाणी उरलं होतं. एक पगाराच्या कागदावर आणि दुसरं एका जुन्या डिस्कवर.

त्या डिस्कवर 'भुयार' नावाचा गेम होता. बावीस वर्षांपूर्वी तिने आणि दिराने तो घराच्या मागच्या खोलीत बनवला. प्रोग्रॅम लिहिला त्याने. पण भुयाराच्या चाळीस खोल्या, त्यातला कुठला दगड कधी पडणार, दिवा कुठे विझणार, हे सगळं तिचं. पोळ्या लाटायच्या ओट्यावर चौकटीचे कागद पसरून तिने एकेक खोली आखली होती. गेम संपला की पडद्यावर नावांच्या पाट्या यायच्या. पहिली गोष्टीची, दुसरी नकाशाची, तिसरी रचनेची, आणि तिन्हींवर तिचंच नाव, मधलं नाव आणि आडनावासकट. चौथ्या पाटीवर प्रोग्रॅमिंग, दिराचं.

आणि आता ह्या दिवट्याने भुयारची 'नवी आवृत्ती' काढली होती. चित्रं चकचकीत, आवाज दणदणीत, आणि शेवटी एकच पाटी: कल्पना, रचना, प्रोग्रॅमिंग, सगळीकडे तोच. तिने जाब विचारला तेव्हा म्हणाला, "वहिनी, घरात एकाचं नाव झालं काय आणि दुसऱ्याचं झालं काय!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं, तेही दात ओठ खाऊन.

जुनी डिस्क चालवणारी मशीनं एकेक करून मरत होती. ती कंपनीच्या तपासणी खोलीत काम करायची, तिथलं शेवटचं मशीनसुद्धा डाव्या कुशीवर थाप मारल्याशिवाय सुरू होत नव्हतं. आता कंपनीचं नवं मशीन यायचं होतं, आणि त्यावर जुन्या डिस्का चालाव्यात की नाही, हे ठरवायला आज अकरा वाजता बैठक होती. दीर म्हणत होता, जुन्याची ब्याद कशाला हवी. त्याला नको असणारच! डिस्का चालल्या तर कोणीही भुयार लावेल, शेवटपर्यंत जाईल आणि पाट्या वाचेल. आणि नाही चालल्या तर तिचं नाव कायमचं गेलं. तिच्यापुरता त्या बैठकीचा अर्थ एवढाच होता.

सकाळी निघताना नवरा म्हणाला, "घरातलं भांडण ऑफिसात नको हं. शेवटी तो माझा भाऊ आहे."

"आणि मी कोण आहे?"

"तू समजूतदार आहेस."

तिने डबा असा आदळला की झाकण उडून त्याच्या पायाशी गेलं. समजूतदार म्हणे, डोंबल! बावीस वर्षं समजूतदारपणाच केला, म्हणून तर ही पाळी आली.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पाणी प्यायला काचेचे ग्लास. टेबलाच्या टोकाला कंपनीच्या अध्यक्षबाई, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. दोन्ही बाजूंना पाच-सहा साहेब मंडळी. वहिनी आपली डिस्क आणि जुनं मेमरी कार्ड घेऊन आत आली. कार्डावर तिने गेम एकोणचाळीस खोल्यांपर्यंत नेऊन ठेवला होता. शेवटची एक खोली खेळून दाखवायची, मग पाट्या. दहा मिनिटांचं काम.

टेबलावरचं नवं मशीन बघून ती थबकली.

"हे आमच्या खोलीतलं नाही."

"नाहीच," दीर गोड हसून म्हणाला. "हे दुकानात जाणारं मशीन आहे, वहिनी. ह्यात तुमचे लगाम-बिगाम नाहीत. लोकांना जे मिळणार तेच दाखवायला नको का?"

गोम ही होती. त्या काळी दिराने आळस करून गेमला स्वतःचं घड्याळच दिलं नव्हतं. मशीन जितक्या वेगाने चालेल तितक्या वेगाने गेम पळायचा. जुनं मशीन मंद, म्हणून निभावलं. नवं मशीन दहापट वेगवान. त्यासाठीच तपासणी खोलीतल्या चष्मेवाल्या इंजिनिअरने तीन महिने खपून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, जो जुनी डिस्क ओळखून मशीनला आवरायचा. त्यालाच सगळे लगाम म्हणायचे. तो तपासणी खोलीतल्या नव्या मशीनमध्ये होता, ह्या मशीनमध्ये नव्हता. आणि मेल्या दिराला हे पक्कं ठाऊक होतं, कारण आळस त्याचाच होता.

"जमत नसेल तर राहू द्या," दीर म्हणाला. "उगाच हसं कशाला करून घ्यायचं?"

"लावा डिस्क," ती म्हणाली.

पडद्यावर चाळिसावी खोली उघडली आणि कोणीतरी फिस्सकन हसलं. वटवाघळं गोळीसारखी सुटत होती, दिव्याची ज्योत पिसाळल्यासारखी फडफडत होती. दीर खुर्चीत रेलून बसला. पण खोली तिची होती. तीन पावलं, थांब, दोन पावलं, उडी, डावीकडे वाक. हे तिने कागदावर आखलं होतं, ओट्याशी उभी राहून चमच्याने ठोके देत पाठ केलं होतं. पहिल्यांदा मेली. दुसऱ्यांदा दाराशी मेली. दीर घड्याळ बघायला लागला. तिसऱ्यांदा ती श्वास रोखून एकदम सुटली, दगडांच्या मधून, दिवा विझायच्या आत, आणि शेवटचं दार उघडलं.

टेबलाभोवतीचं हसू थांबलं होतं. "वा!" एक साहेब म्हणाले.

आणि पाट्या आल्या. आल्या म्हणेपर्यंत गेल्यासुद्धा! एक, दोन, तीन, चार, सर्रकन. तिने कंट्रोलरवरची सगळी बटणं दाबली. पडदा थांबेना. मग तो काळा झाला. तिचं नाव सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि एकालाही वाचता आलं नव्हतं.

"मला काही दिसलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"दिसणार कसं!" दीर उठलाच. "मी हेच सांगतोय. जुना माल नव्या मशीनवर असा नाचतो. लोक आपल्याला शिव्या घालतील."

तिचा आवाज फुटला तो असा, की पाण्याचे ग्लाससुद्धा दचकले असतील. "नाचतो तो तुमच्यामुळे, भाऊजी! घड्याळ द्या, घड्याळ द्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. तुम्हाला कंटाळा! आणि आज मुद्दाम बिनलगामाचं मशीन आणून ठेवलंत."

"हळू बोला, वहिनी. हे घर नाही."

"घर असतं तर लाटणं घेऊन बोलले असते!"

कोणीतरी खाकरलं. दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एरवी केसाने गळा कापणारा माणूस, आवाज न चढवता काम साधणारा. पण चारचौघांत आळशी म्हटलेलं त्याला लहानपणापासून सहन होत नसे.

"माझा कंटाळा काढता? आणि तुमचा हट्ट? पाट्या थांबवायला बटण ठेवू या म्हणून मी किती विनवलं! तेव्हा कोण म्हणालं, कोणी पुढे ढकलायच्या नाहीत, कोणी थांबवायच्या नाहीत, एकेक पाटी मोजून अकरा सेकंद दिसलीच पाहिजे? भोगा आता! तुमचीच गोष्ट, तुमचाच नकाशा, तुमचीच सगळी रचना, माझं कोण ऐकत होतं तिथे? मी आपला हुकमाचा ताबेदार, सांगाल ते टाइप करणारा!"

बोलून झाल्यावर त्याने विजयाने टेबलाभोवती पाहिलं. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे अध्यक्षबाईंकडे बघत होते.

"सगळी रचना ह्यांची?" बाईंनी शांतपणे विचारलं.

दिराने घाईने पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

"नव्या आवृत्तीच्या पाटीवर मी दुसरंच काहीतरी वाचलंय."

"म्हणजे... तसं नाही... घरगुती बोलणं आहे हो हे..." त्याची बोबडी वळली. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला त्याची वाक्यं अर्धवट सुटलेली ऐकू आली, आणि खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

अध्यक्षबाईंनी फोन उचलला. "तपासणी खोलीतून त्या लगामवाल्याला बोलवा. ह्या मशीनमध्ये बसव म्हणावं. मला ह्या पाट्या वाचायच्या आहेत."

चष्मेवाला धापा टाकत आला. लगाम बसवायला त्याला वीस मिनिटं लागली. दीर उठायला गेला तर बाई म्हणाल्या, "बसा." तो बसला.

कार्डावरून चाळिसावी खोली पुन्हा उघडली. ह्या वेळी वटवाघळं वटवाघळांसारखी उडाली. तिने सावकाश, एकदाही न मरता ती पार केली आणि कंट्रोलर टेबलावर दिराच्या पुढ्यात ठेवला.

पहिली पाटी आली. गोष्ट, आणि खाली तिचं पूर्ण नाव. अध्यक्षबाईंनी ते मोठ्याने वाचलं, आणि बारा वर्षांत त्या इमारतीत ते पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडून उच्चारलं गेलं. दुसरी पाटी आली. बाईंनी तेच नाव पुन्हा वाचलं.

दिराचा हात हळूच पुढे सरकला. कंट्रोलर टेबलाच्या कडेआड ओढून त्याने एक बटण दाबलं. मग दुसरं, मग तिसरं. वहिनीने ते पाहिलं आणि दाबू दिलं.

"नाही जायच्या पुढे, भाऊजी," ती म्हणाली. "अकरा सेकंद आहेत. बसा निवांत."

तिसरी पाटी आली.