कवडीची गादी

सरकारी पत्रक वाचता येणं हा खांडबाऱ्यात त्या काळी मोठा मान होता, आणि गिरधर पाटलाला तो मान नीटसा पचला नव्हता. चौथीपर्यंत शिकलेला गृहस्थ. नंदुरबारच्या बाजारात त्याला घरगुती कोंबड्या पाळण्याविषयीचं एक पत्रक फुकट मिळालं. फुकटचं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून त्यानं ते भाताच्या पेजेनं ओसरीच्या भिंतीला चिकटवलं आणि रोज एक ओळ याप्रमाणे घरात अंमल सुरू केला.

चौथी ओळ अशी होती : 'अंडी घालण्याच्या पेटीत चार बोटे जाड गादी असावी.'

गिरधरनं बायकोनं, म्हणजे भिकुबाईनं, कोंबडीला अंडी घालायला ठेवलेल्या खोक्यातला भाताचा पेंढा उकिरड्यावर नेऊन टाकला आणि घरचा कापूस देऊन पिंजाऱ्याकडून हातभर लांब, हातभर रुंद अशी गादी शिवून आणली. लाल कापड, चार कोपऱ्यांना चार गोंडे.

भिकुबाई गादीकडे पाहत राहिली. "मन्ही माय मरनी तव्हय तिले बी अशी गादी भेटनी नही."

"सरकारनं लिहेल शे, कमलनी माय."

"सरकारनी कोंबडी पाळेल शे का कधी?"

भिकुबाईच्या तीन कोंबड्या. दोघी अजून तलंगा, म्हणजे अंडी देण्याच्या वयाला यायच्या होत्या. अंडी देणारी एकटी कवडी. हिच्या आईला घारीनं उचललं तेव्हा मुठीएवढं पिल्लू भिकुबाईनं महिनाभर पदरात वागवलं होतं. कवडीनं गादीवर एक पाय ठेवला, तो काढून घेतला, आणि कोणी फसवलं असावं तशी मान करून अंगणात निघून गेली.

त्या दिवसापासून अंडी बंद. एक दिवस नाही, आठ दिवस.

नवव्या दिवशी गिरधरनं निकाल दिला. "बसाले गादी दिधी तरी काम नही. इतवारले जावई येई ऱ्हायना. तिनाच रस्सा कर."

"गादीवर तर तुम्ही बी झोपतस. तुम्हना बी रस्सा करू का मी?"

गिरधर हसला, पण शब्द मागे घेतला नाही. घरातला शब्द आणि सरकारचा कागद या दोन्ही गोष्टी एकदा चिकटल्या की त्याच्याकडून सुटत नसत. भिकुबाईनं कवडीला दाणे टाकले. तो शुक्रवार होता.

त्याच दुपारी स्टेशनजवळच्या इंदरमलच्या दुकानात गिरधरच्या शेजारचा झिपरू कंदिलाची काच घ्यायला गेला. काचा सुरतेहून मोठ्या खोक्यात, पेंढ्यात बसवून येत. खोकं मागच्या अंधाऱ्या खोलीत उघडं होतं. इंदरमलनं चाळीस वर्षांच्या सवयीनं न बघता पेंढ्यात हात घातला, हाताला लागलं ते काढलं, त्यावर फुंकर मारली, उपरण्यानं पुसलं आणि झिपरूपुढे धरलं.

"एक नंबर माल."

झिपरूनं ते फिरवून पाहिलं. "शेटजी, हाई काच दोन्ही बाजूथीन बंद शे. वात कोठे घालू?"

इंदरमलला आधी काच गरम कशी याचं आश्चर्य वाटलं, मग बाकीचं कळलं. "अरिहंत, अरिहंत!" म्हणून तो जो आत पळाला तो दोन अंघोळी करूनच बाहेर आला. एक हात लागला म्हणून, एक पुसलं म्हणून. तेवढ्यात झिपरूनं खोक्यातून आणखी सहा अंडी काढून सगळी टोपलीत ठेवली, आणि खोक्यामागे सापडलेली कवडी बगलेत धरली.

दोघे गिरधरच्या ओसरीवर आले तेव्हा भिकुबाईनं आधी कोंबडी पाहिली आणि मग टोपली. "सात!" ती म्हणाली. "देखा, सात!"

"दुसराना घरमा दिधी ना!" गिरधर म्हणाला. "घर सोडीसन देस ती कोंबडी काय कामनी? इतवारना रस्सा पक्का."

रस्सा हा शब्द ऐकून इंदरमल खाली बसला. "गिरधरभाई, ती आठ दिवस म्हारी पाव्हणी व्हती. पाव्हणीले कापशी? अन् पाप कोणाचे माथे? सारा गाव जिची वात करे, ती गादी तर दिखाव."

गादी आणली गेली. चाळीस वर्षं गादीवर बसलेल्या माणसाच्या अधिकारानं इंदरमलनं ती दाबली, थोपटली, मधला फुगवटा पाहिला. एक अंडं वर ठेवायला त्यानं झिपरूला सांगितलं. अंडं घरंगळलं. भिकुबाईनं ते ओंजळीत झेललं.

"इसपे तो मैं भी न बैठूं," इंदरमल म्हणाला.

"पन लिहेल शे! देखा ना, गादी म्हणीसन!" गिरधरनं भिंतीकडे बोट दाखवलं.

भिकुबाई आत गेली. ओलं फडकं घेऊन आली, पत्रकाच्या कडा भिजवल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत सरकार भिंतीवरून सोलून काढलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाला दोन बाजू असतात एवढं ठाऊक होतं. मागच्या बाजूला, पेजेच्या पापुद्र्याखाली अक्षरं होती. गिरधरनं ती मोठ्यानं वाचली, आणि पुढे पुढे आवाज आपोआप लहान होत गेला : 'गादी म्हणजे कोरडा पेंढा, गवत किंवा भुसा यांचा थर. ओला झाल्यास त्वरित बदलावा.'

कवडी झिपरूच्या बगलेतून कुक् करून बोलली.

"सरकार भिंतकडे तोंड करीसन बोलनं," गिरधर म्हणाला. "मन्हा काय दोष?"

मग त्यानं घरधनी म्हणून उरलेली अब्रू सांभाळली. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत कवडीनं आपल्या खोक्यात अंडं दिलं तर रस्सा रद्द.

काचांच्या खोक्यातला पेंढा इंदरमलनंच पाठवला, कारण तो दुकानात ठेवणं त्याला आता शक्य नव्हतं. भिकुबाईनं तळाशी राख भुरभुरली, उवा होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा वाळका पाला टाकला, त्यावर पेंढा पसरला आणि मध्यभागी मूठ दाबून खळगा केला. मोजमाप काही नाही. मूठ होती, तेवढी पुरली.

शनिवारी सकाळपासून गिरधर काही ना काही निमित्तानं परसातच होता. कवडी आत गेली, पेंढा विस्कटला, गोल फिरली, बाहेर आली. परत गेली. भिकुबाईनं भाकरी करपवली. दुपार कलली तेव्हा खोक्यातून असा आरडाओरडा झाला, की जणू कुणी गावभर दवंडी पिटतंय.

"तुम्हीच देखा," भिकुबाई म्हणाली. तिचे हात पिठात होते.

गिरधरनं खोक्यात हात घातला. तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

"अंडं शे का?" भिकुबाईनं चुलीजवळून विचारलं.

"शे, शे," तो म्हणाला. "जरा थांब. आतमा मस्त गरम शे."