ताटलीत राहिलेले दाणे

मी उमरठच्या आवडीबाईंची मांजर बोलतेय. मान खाली घालून बोलतेय, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म मुंबईतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली झाला. डोळे उघडले तेव्हा आई जवळ नव्हती. आवडीबाईंच्या लेकीनं, श्रुतिकानं, मला उचललं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. पुढे मी पाकिटातल्या मऊ, रश्शाच्या मासळीवर वाढले. चावायचं कसं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

मग श्रुतिकाला परगावी नोकरी लागली. तिनं मला टोपलीत घालून रेल्वेनं वीर स्टेशनला उतरवलं आणि रिक्षा, एसटी करत आईकडे आणून सोडलं. इथे उन्हाळ्यात वीज जायची, उघडलेलं पाकीट दुपारीच आंबायचं. म्हणून मला मांजरांसाठी विकत मिळणारे कोरडे दाणे द्यायचं ठरलं.

"एकदम बदलू नकोस हं आई," जाताना तिनं बजावलं. "रोज मऊ थोडं कमी, दाणे थोडे जास्त. पण उपाशी ठेवू नकोस. मांजराला उपास सोसत नाही, जीव जातो."

ते शब्द आवडीबाईंनी मनाला लावून घेतले. कोमट पाण्यात दाणे भिजवून त्या मऊ खाण्यात कालवायच्या. मी वरवरचं मऊ चाटून दाणे तसेच ठेवायचे. एकदा त्यांनी एक दाणा स्वतःच्याच दाढेखाली धरून पाहिला. "अगो बाय, एवढा काय कडक नाय!" मी तोंड फिरवलं. पाकिटं संपली तेव्हा तर ताटलीकडे जाणंच सोडलं.

शेजारच्या ठकूबाईंच्या अंगणात पावसाळ्यासाठी सुकट वाळत असायची. दुपारी त्या लवंडल्या की मी तिथे पोट भरायचे आणि घरी येऊन चुलीपाशी निपचित पडायचे.

आवडीबाईंना वाटलं, मी आता जगत नाही. भाकरी भाजून त्यांनी ताट बाजूला सारलं. "मुक्या जिवाच्या पोटात काय नाय, माझ्या घशाखाली घास कसा उतरंल?" दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी घेऊन येताना त्यांना भोवळ आली. हंडा कसाबसा दारात टेकवून त्या खाली बसल्या. मी ते पाहिलं. तरी दुपारी सुकटीवर गेलेच.

संध्याकाळी ठकूबाई तणतणत आल्या. "आवडे, तुझी उपाशी मांजर माझी अर्धी सुकट खाऊन बसली हाय! पोट बघ तिचा, नगारा झालाय!"

आता केरसुणी बसणार म्हणून मी अंग चोरलं. आवडीबाईंनी माझ्या पोटावरून नुसता हात फिरवला.

"म्हंजे जेवलेली होती ना गो? बरा झाला."

आणि त्या शिळी भाकरी घेऊन बसल्या. "दोन दिसांचा पहिला घास," म्हणत त्यांनी तुकडा मोडला. ठकूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "थांब गो, कोरडी नको खाऊ. कालवण आणते."

सुकटही कोरडीच होती. दाण्यांइतकीच. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आता आवडीबाई पानावर बसण्याआधी मी दाणे खाते, त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम कुडुमकुडुम वाजवत. अजून त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. मांजर पाळणाऱ्यांनो, आमच्यासाठी आपलं ताट सारण्याआधी एकदा आमचं तोंड हुंगून बघत जा. आम्ही आपणहून सांगत नाही.