उपाशीपोटी

“देवाचं झाल्याबिगर घरातल्या मानसाच्या तोंडात काही जाऊ देऊ नोको. आधी परसाद, मंग पानी.”

गुळाच्या भेलीवर बत्ता मारताना बेबीताईंना सासूबाईंचा आवाज रोज ऐकू येई. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नेम मोडला नव्हता. आजही त्यांनी खडा फोडला, खोबऱ्याच्या तुकड्यासोबत गणपतीपुढे ठेवला, डोळे मिटून पाणी फिरवलं. मग तोच खडा ओसरीवर बसलेल्या विठ्ठलरावांच्या तळहातावर ठेवला.

विठ्ठलरावांनी तो बोटांनी चाचपला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. यंदा कापूस वेचायला गेले, तर चांगला कापूस कोणता अन् कवडी कोणती ते त्यांना कळेना. वेचणाऱ्या बाया हसून म्हणाल्या होत्या, “पाटील, तुमच्या कमरेच्या ओट्यात पालाच जास्त हाय!” त्या दिवसापासून ते वावरात गेले नव्हते.

ऑपरेशन व्हायला काही अडचण नव्हती. दवाखान्याची गाडी गावातून पेशंट यवतमाळला न्यायची आणि आणून सोडायची. पण दोनदा जाऊनही विठ्ठलराव तसेच परत आले. उपाशीपोटी रक्तातली साखर दोनशेच्या आत पाहिजे, ती येतच नव्हती. शेजारच्या इंदुताईंचंही तेच झालं होतं.

पहिल्यांदा परत आले तेव्हा बेबीताई कळंबला चिंतामणी गणपतीपुढे नवस बोलून आल्या होत्या : यांचे डोळे उघडेस्तोवर घरात साखरेचा दाणा येणार नाही. तो त्यांनी येऊ दिला नाही. चहा गुळाचा, शिरा गुळाचा. बिचाऱ्याची साखर सुटली म्हणून प्रसादाचा खडाही आधी सुपारीएवढा होता, तो लिंबाएवढा झाला.

“गूळ म्हंजे साखरच असते, आई,” सून प्रेरणा एकदा चाचरत म्हणाली होती.

“असं कसं? गूळ देवाले चालते.”

प्रेरणा दारव्ह्याची. सासूला उलट बोलणारी नव्हती. पण गाडी पुन्हा यायची होती, आणि या खेपेलाही परत पाठवलं तर नंबर पार उन्हाळ्यावर जाणार होता. तिनं माहेरून आपल्या वडिलांचं साखर मोजायचं मशीन आणलं.

“वाद कायले घालायचा? मोजून पाहू,” ती म्हणाली. “रोज सकाळी एकच कप चहा. एक दिवस साखरेचा, एक दिवस गुळाचा, एक दिवस मधाचा, एक दिवस गोड तुळशीचा, त्या स्टीव्हियाच्या पाल्याचा. चहाआधी मोजू, तासाभरानं पुन्हा मोजू.”

तुळशीचं नाव निघताच बेबीताईंनी प्रेरणानं आणलेली ती पाल्याची पुडी कपाळाला लावली. साखर मात्र त्यांनी घरात येऊ दिली नाही. तो चहा विठ्ठलरावांनी इंदुताईंच्या ओसरीवर घेतला.

“या वयात पोरीनं माह्या रक्तावर दुकान टाकलं,” बोट पुढं करत विठ्ठलराव म्हणाले. “मच्छर बरे. ते निदान विचारत नाईत, काय खाल्लं म्हणून.”

साखरेच्या चहानं आकडा चांगलाच वर गेला. दुसऱ्या दिवशी गुळाच्या चहानंही तितकाच. बेबीताईंनी मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“हे बिघडलं तं नसंल?”

“तिसऱ्यांदा मोजलं, आई.”

मध किंचित कमी चढला, पण चढलाच. “मधमाशी काही फुकट नाई सोडत,” विठ्ठलराव म्हणाले.

प्रेरणाला दुसरीच गोष्ट खटकत होती. रात्री एक भाकर अन् भाजी खाऊन झोपणाऱ्या माणसाचा चहाआधीचा आकडाच एवढा मोठा कसा?

गोड तुळशीच्या दिवशी नळ लवकर आला, म्हणून ती लवकर उठली होती. सासू अंघोळीला गेलेली. तिनं सासऱ्यांचं बोट तेव्हाच टोचून घेतलं. एकशे अठ्ठेचाळीस. तिला खरं वाटेना. पाणी भरून झाल्यावर, चहा ठेवायच्या आधी तिनं पुन्हा मोजलं. दोनशे बारा.

“बाबा, मधल्या वेळात काय खाल्लं तुम्ही?”

“काहीच नाई. उपाशी हावो मी.”

“चहा, बिस्कीट?”

“अवं, त्यायनं काही नाई खाल्लं,” देवघरातून बेबीताई म्हणाल्या. “परसाद घेतला फक्त.”

प्रेरणा हातातली पट्टी धरून तशीच उभी राहिली.

“यवतमाळले जायच्या दिवशीबी?”

“मंग? त्या दिवशी तं मोठा खडा देल्ला. देवाचं घेतल्याबिगर कसं जाऊ द्याचं?”

“अन् तिथं काय सांगितलं?”

“उपाशीपोटी हाये म्हून सांगतलं. होतेच की.” बेबीताई बाहेर आल्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली गेला. “परसादानं उपास मोडत नाई, बाई. सासूबाई सांगत.”

“उपास नाई मोडत, आई,” प्रेरणा हळूच म्हणाली. “तपासणी मोडते.”

 बेबीताईंनी पूजेचं ताट पदरानं पुसलं, पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

“म्हंजे देवानंच यायचे डोळे...”

“देवानं नाई. गुळानं.”

“देवाले काहून मधात घेता?” विठ्ठलराव म्हणाले. “चहा आना तुळशीचा. निदान तो तं पिऊ द्या.”

तो चहा त्यांनी प्यायला आणि तोंड वाकडं केलं. “जिभेले गोड अन् घशाले कडू. सासुरवाडीसारखा.” तासाभरानं मोजलं, तर आकडा हलला नव्हता म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवसापासून बेबीताईंनी गणपतीपुढे पूर्वीसारखाच गूळ ठेवला. तो त्याचा होता, त्यात त्यांनी काही कमी केलं नाही. नंतर तो गोठ्यातल्या गोऱ्ह्याला गेला. विठ्ठलरावांच्या हातावर त्यांनी पळीभर तीर्थ घातलं. त्यांनी ते घेतलं आणि ओला हात डोळ्यांवरून फिरवला. चहा आता रोज तुळशीचा होता. विठ्ठलराव रोज त्याला नावं ठेवत आणि रोज पीत.

“इंदुमावशीबी घरची पूजा करूनच गेल्या होत्या ना?” भाकरी थापता थापता प्रेरणानं विचारलं.

बेबीताईंनी मान डोलावली. दोघींचा नेम एकच होता. भजनाला जोडीनं बसायच्या, एकादशी जोडीनं धरायच्या.

“मी सांगीन तिले,” त्या म्हणाल्या. “गाडी याच्या आधी सांगीन. शब्द देला तुले.”

शब्द देणं सोपं होतं. त्या एकदा गेल्याही. इंदुताई तांदूळ निवडत होत्या. बेबीताईंनी गुळाचा विषय जरा काढला, तशा त्या खो खो हसल्या.

“बेबे, तुह्या घरात सून आली अन् देवाचाबी गूळ मोजाले लागली? उद्या म्हनशीन, तीर्थात बी शुगर हाय!”

बेबीताईही हसल्या. तांदळातला एक खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला आणि घरी आल्या. प्रेरणानं काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

गाडीच्या दिवशी पहाटेच प्रेरणानं सासऱ्यांचं बोट टोचलं. एकशे छत्तीस. विठ्ठलरावांनी आकडा दोनदा वाचून घेतला. मग ते स्वतःच चाचपत आत गेले, धुतलेलं धोतर शोधलं, नेसलं आणि ओसरीवर येऊन सरळ बसले. “यंदा तुरीचा फुलोरा पाहाले भेटंल का बे?” त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं.

बेबीताई देवघरात होत्या. निरांजन लागलं होतं. गणपतीला गंध लावून त्या दुर्वांची जुडी उचलणार, एवढ्यात पलीकडच्या घरातून घंटी ऐकू आली. इंदुताईंची पूजा सुरू झाली होती. आता आरती, मग नैवेद्य, मग हातावर खडा, आणि मग तीच गाडी.

दुर्वा हातात तशाच राहिल्या. पूजा अर्धी टाकून बेबीताई कधी उठल्या नव्हत्या. बाळंतपणाच्या कळा येत होत्या त्या सकाळीसुद्धा आरती पुरी करूनच त्यांनी माणसांना हाक मारली होती. त्यांनी गणपतीकडे पाहिलं. इंदुबाई चिडेल. भजनात चार बायांपुढे बोलेल. कदाचित बोलणंच सोडेल.

घंटी वाजतच होती.

त्यांनी जुडी ताटात ठेवली. निरांजन वाऱ्याला लागू नये म्हणून जरा आत सरकवलं आणि हात जोडले.

“येतोच,” त्या हलकेच म्हणाल्या आणि पदर सावरत अनवाणीच बाहेर पडल्या.