जाळ्याला उलटी बाजू नसते

‘टाकाऊ साड्यांना नवे आयुष्य. रचना : आमचा स्टुडिओ.’ पुठ्ठ्याची ही चिठ्ठी दोन बोटांएवढी, आणि तीत दोन असत्ये—सुचिताला त्या काटकसरीचे कौतुकच वाटले. तिने धनेशच्या कंपनीच्या गोधडीचा कोपरा चुरगळून पाहिला. वापरलेले लुगडे असे करकरत नाही, ते वर्षानुवर्षे कुणाच्या तरी अंगाला सरावलेले असते. हे कापड कोरे होते, धुवून म्हातारे केलेले.

रेवदंड्याच्या शाळेत आज सुचिताची समिती ठरवणार होती, नमुना कुणाचा—केसरबाई आणि तिच्या बारा जणींचा, की धनेशच्या कंपनीचा. नाव गेले की बायकांचे पुढचे कामही जाणार... आणि केसरबाईची पहिली गोधडी धनेशच्या टेबलावर पसरली कुणी? मीच. दोन वर्षांपूर्वी, संशोधनाच्या उत्साहात—‘पाहा, लोककला!’—जणू लोकांना नावे नसतातच.

“या गाठींमागचा विचार काय?” समितीच्या वतीने तिने विचारले.

धनेश प्रसन्न झाला. “प्रत्येक चौकटीत वर आलेली गाठ म्हणजे लाटेचं शिखर, मॅडम. सागराचं अध्यात्म.”

मागच्या बाकावर केसरबाई खदखदून हसली. “शेठ, कसली लाट? चूक हाय ती माझी! जनम गेला जाळी विणण्यात. जाळ्याला उलटी बाजू न्हाय, गाठ कुठंबी मारा. गोधडीत ती खाली लपवायची, पण पहिल्या गोधडीत समद्या वरच आल्या. ही रतन बोलली, उसव. मी बोलले, उसवतेय माझी बला!”

“अन् शेठनी तीच चूक चारशे गोधड्यांवर काढली,” रतन म्हणाली. “एक पण गाठ खाली न्हाय गेली!”

सभागृह हसण्याने भरून गेले. इतका निर्दोष पुरावा सुचिताला वीस वर्षांच्या वाचनात कुठल्या तळटीपेत सापडला नव्हता. तो एका बाईने हसत हसत, चूक म्हणून, समोर टाकला होता—आणि नमुना तिच्या नावावर लागला होता. सुचिताच्या मनातला थंड, धारदार संताप आता विजयाने लखलखत होता. फक्त त्याचे टोक कुणाकडे वळले आहे, हे तिला नीट कळेना...

धनेश उठला. समितीकडे नव्हे, तिच्याकडे पाहत बोलला. इतिवृत्त तिच्याच हाती होते. तिने एकही शब्द न गाळता लिहिले :

“कापड नवं आहे. नमुना केसरबाईंचा आहे. माझ्या टेबलावर आलेली ती पहिली गोधडी कुणाची, हे मी सुचिताताईंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.”