एक करंडा जास्तीचा

विनता दिघेच्या आवडीला नाव ठेवायची आमच्यापैकी कुणाची टाप नाही. चेरीतालच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच. त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं की त्याच बायका, तेच उखाणे आणि तेच वाण: प्लास्टिकचा डबा, नाहीतर स्टीलची वाटी. माझ्याकडे अशा वाट्यांची उतरंड लागली आहे, आणि कुठली कुणी दिली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. विनताला हे मुळीच खपत नाही. द्यायचं तर असं द्यावं की घेणारीला ते कपाटात कोंबावंसं वाटू नये, असं ती म्हणते.

यंदा तिनं ठरवलं की दुकानातलं काही नको, स्वतःच्या डोक्यानं आणि हातानं काम करणाऱ्या कुणाकडून तरी घ्यायचं. नेपियर टाउनमध्ये अशाच कलाकारांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे ती मला स्कूटरवर घालून घेऊन गेली. ठशांची छपाई केलेल्या कापडी पिशव्या उलट्या करून तिनं शिवण पाहिली आणि परत ठेवल्या. सुगंधी मेणबत्त्या हुंगून म्हणाली, "छान आहेत, पण आपल्या बाया त्या लाइट गेल्यावरच लावतील." मी मागे मागे मान डोलावत फिरत होते.

एका टेबलाशी मात्र ती थांबली. भेडाघाटच्या पांढऱ्या दगडाचे छोटे छोटे कुंकवाचे करंडे मांडले होते. वर नक्षी नाही, मोर नाही, सोनेरी रंग तर नाहीच. दगडातली करडी रेघ डबीवरून चढून झाकणावर जात होती, कुठेही न तुटता. विनतानं एक उचलला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं.

टेबलामागे यामिनी उभी होती. आमच्याच गल्लीतली मुलगी, विनता लग्न होऊन आली तेव्हा परकर नेसून अंगणात खेळणारी. पुढे अहमदाबादला डिझाइन शिकली, पुण्याला दिली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आता भेडाघाटला एका कारागिराच्या शेडमध्ये तिनं दगड कातायचं स्वतःचं लेथ बसवलं आहे.

"वहिनी, एकाच दगडातून डबी आणि झाकण दोन्ही काढते मी," ती म्हणाली. "मग एकमेकांवर घासून बसवते. त्यामुळे ज्याचे त्यालाच लागते. दुसऱ्याचे नाही बसत."

"किती सुंदर करून राहिली गं तू!" विनता म्हणाली, आणि घासाघीस न करता सगळ्या बायकांपुरते करंडे तिथेच सांगून टाकले.

यामिनी खूश झाली. मग जरा थांबून म्हणाली, "मीच येते न त्या दिवशी. सगळे नीट मांडून देते."

"अगं, तू काहून त्रास घेते? ऑटोत पाठवून दे."

"अच्छा," यामिनी म्हणाली, आणि करंडे कागदात गुंडाळू लागली.

हळदीकुंकवाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही. ती पोर बोलावणं मागत होती, हे माझ्यासारख्या मठ्ठ बाईलाही कळलं. परत येताना मी विनताला विचारलं, "बोलवायचं नाही का तिला?"

"आईंना चालणार नाही," ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, इंदूकाकू. "आणि कुंकू कोणी लावणार नाही, मग तिलाच अवघडल्यासारखं होईल. कशाला तिचं मन दुखवायचं?"

मन दुखवू नये म्हणून माणसाला टाळायचं, ही आपल्या लोकांची खास शहाणपणाची रीत. पण स्कूटर तिची होती, आणि बोलावणं करायचं घरही तिचं.

हळदीकुंकवाच्या दिवशी करंडे आले. विनतानं सकाळी सगळे धुतले, पुसले, प्रत्येकात हौसेनं कुंकू भरलं. झाकणं एका परातीत काढून ठेवली होती. दुपारी बायका जमल्यावर ती झाकणं लावायला बसली, आणि एकही बसेना. हे घट्ट, ते सैल, तिसरं तिरपं. आम्ही सगळ्या मदतीला धावलो आणि सात सुगरणी आणि भाजी आळणी तशी गत करून ठेवली. उघड्या डब्यांतलं कुंकू सतरंजीवर सांडायला लागलं. विनता रडकुंडीला आली.

शेवटी तिनं यामिनीला फोन केला.

यामिनी लगेच आली. ती काळी साडी नेसून आली होती, बारीक जरीकाठाची, इस्त्रीची. फोन आल्यावर इतक्या लवकर कुणी अशी साडी नेसून येत नाही. संक्रांतीची काळी साडी नेसून ती घरी बसून होती.

सतरंजीच्या कडेला बसून तिनं एकेक झाकण उचललं. करडी रेघ पाहायची, बोट फिरवायची आणि झाकण जागेवर ठेवायची. एवढासा टक आवाज व्हायचा. "अय्या, कित्ती छान!" बायका म्हणत होत्या. कोणी तिला फोन नंबर मागितला, कोणी मुलीच्या लग्नात द्यायला असे मिळतील का विचारलं. ती सगळ्यांना हसून उत्तरं देत होती.

तेवढ्यात विनताची नवी सून, अवंतिका, हळदीकुंकवाचं तबक घेऊन ओळीनं यायला लागली. माझ्यानंतर यामिनी. अवंतिकाचं बोट कुंकवात बुडालं आणि तिथेच थांबलं. तिनं सासूकडे पाहिलं. सगळ्या खोलीनं पाहिलं.

"अगं, तिला तिळगूळ दे न आधी!" विनता घाईघाईनं म्हणाली.

यामिनीनं हात पुढे करून तिळगूळ घेतला. "गोड बोलू चलो," ती म्हणाली आणि शेवटचं झाकण बसवलं. मला त्या क्षणी स्वतःच्या कपाळावरचं कुंकू टोचायला लागलं.

वाण वाटून झालं तरी एक करंडा उरला. विनता म्हणाली, "हा जास्तीचा पाठवला का गं? फुटला-बिटला तर म्हणून?"

"नाही वहिनी. तो माझा होता." यामिनीचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, बोलवाल."

विनतानं करंडा तिच्यापुढे धरला. यामिनीनं नको म्हणून मान हलवली, करंडा सतरंजीवर ठेवला आणि साडी सावरत उठली. "इंदूकाकूंना भेटून जाते," म्हणून ती आत गेली. तिच्या मागोमाग विनता आणि मी.

आतल्या खोलीत इंदूकाकू पलंगावर बसल्या होत्या. काका गेल्यापासून दर हळदीकुंकवाला त्या तिथेच बसतात, दार लोटून. यामिनी पाया पडली तशी काकूंनी तिचा हात धरून जवळ बसवलं. "बाहेर एवढा गलका, आणि तू इकडे काहून आली पोरी?"

दारात उभी असलेली विनताच पुटपुटली, "आई, तुम्हाला चाललं नसतं म्हणून मी तिला..."

"मला कोणी विचारलं?" काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तर इतकी वर्षं या दाराकडे पाहून राहिली, की तू कधीतरी येशील आणि म्हणशील, आई, बाहेर चला."

विनता तशीच वळली. बाहेरून तबक घेऊन आली. तिनं बोट भरून काकूंच्या कपाळाकडे नेलं.

काकूंनी तिचं मनगट धरलं, हळूच. "आज नको, सूनबाई. आज तू लाजेनं लावून राहिली."

तो उरलेला करंडा शेवटी कुणीच उचलला नाही. तो बाहेर सतरंजीवर होता तिथेच राहिला. यामिनी मागच्या दारानं गेली, आणि तिची स्कूटर गल्लीच्या वळणापर्यंत आम्हाला ऐकू येत होती.