तंबू उघडायचा नाही

पणदऱ्याच्या सुयोगची वांग्याची कलमं दुसऱ्यांदा मेली, तेव्हा प्रगतीनं जालन्याहून एवढाच निरोप पाठवला : ‘मी निघाले.’

दोघं बारामतीला शेतकी कॉलेजात एका वर्गात शिकली होती. रानवांग्याच्या रोपाचा शेंडा कापायचा, त्यावर चांगल्या वांग्याचा शेंडा बसवायचा आणि बारीक क्लिप लावायची, हे कलमाचं काम दोघांना तिथंच आवडायला लागलं. अशी रोपं मररोगाला सहसा बळी पडत नाहीत, म्हणून शेतकरी ती शोधत येतात. पुढं दोघांनी मिळून अशा रोपांची नर्सरी काढायची, असं ठरलं. साखरपुडाही झाला. सुयोगनं घरामागं शेडनेट उभारलं, आणि त्याच महिन्यात प्रगतीला जालन्याच्या एका बियाणं कंपनीत नोकरी लागली. तिथं नवी वाणं तयार करतात. आपल्या हातून वांग्याचं एक नवं वाण निघावं, हे तिचं नर्सरीच्याही आधीचं स्वप्न होतं. सुयोगनंच तिला एसटीत बसवून दिलं. “इथलं मी बघतो,” असं तो म्हणाला होता.

आता तो बारामतीच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. प्रगती उतरली. तिच्या हातात एक बॅग होती, पाठीवर दुसरी.

“दोन दिवसांना दोन बॅगा?”

“दोन दिवसांना नाही आले. राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवते.”

“लासुर्ण्याला तुझ्या घरी सांगितलंस?”

“दादांना नंतर सांगीन. गाडी काढ.”

सुयोगनं बॅग पुढ्यात घेतली. गाडी पणदऱ्याकडं वळवली.

घरी त्याची आई, चंद्राबाई, दारातच होती. बॅगा बघून तिचा चेहरा फुलला. “आली का गं माझी बाय! बरं केलंस. हितं काय कमी हाय? नर्सरी हाय, घर हाय. दिवाळीनंतर बार उडवून टाकू.”

“काकू, आधी रोपं बघते,” म्हणून प्रगती मागं गेली.

शेडनेटमध्ये काळ्या प्लॅस्टिकचा बुटका तंबू होता. नवी कलमं आठवडाभर अशा तंबूत अंधारात, दमट हवेत ठेवावी लागतात. कापलेला भाग तिथंच जुळून येतो. आत ट्रे होते. रानवांग्याचे बुंधे हिरवे होते आणि वर बसवलेले शेंडे सगळे माना टाकून पडले होते. प्रगतीनं एक कलम उपटून काप पाहिला. काप तिरपा होता, बरोबर होता.

“ब्लेड पुसत होतास?”

“प्रत्येक वेळी.”

“ट्रेखाली पाणी होतं?”

“होतं.”

“मग तंबू उघडलास कधी?”

सुयोगनं ट्रे सरळ केला. मग म्हणाला, “संध्याकाळी. तुला व्हिडिओवर दाखवायला.”

“रोज?”

“तूच म्हणायचीस ना, दाखव म्हणून.”

प्रगती मातीत बसली. खरंच तीच म्हणायची. दिवसभर शेतात राबून खोलीवर आली, की तिला ती रोपं बघायची असत, आणि रोपांमागं त्याचा घामेजलेला चेहरा. आठवडाभर तंबूला हात लावायचा नाही, हे दोघांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी तो प्लॅस्टिक वर करायचा, ती बघत राहायची आणि आतली ओल उडून जायची.

“म्हणजे तू इथं नव्हतीस म्हणून नाही मेली,” सुयोग म्हणाला. “आपल्याला दम निघाला नाही म्हणून मेली. तू परत जा.”

चंद्राबाई चहा घेऊन मागं उभी होती. “वा रं शहाण्या! ती हितं असती तर दाखवायचं कामच पडलं नसतं की!”

चंद्राबाईनं कप खाली ठेवले आणि ती जिंकल्यासारखी निघून गेली.

“काकू बरोबर बोलल्या,” प्रगती म्हणाली. “रामहरी तात्यांना पंधरा दिवसांत रोपं द्यायचीत. तुझा हात अजून सावकाश चालतो. मी थांबले तर होईल, नाही तर नाही.”

“आणि तिकडं?”

तिकडं झाडं फुलावर होती. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि फुलाला खूण बांधायची. हे दिवस गेले, की वर्ष गेलं. तिनं दोन दिवसांसाठी ते काम मैत्रिणीवर सोपवलं होतं.

सुयोगनं फोन काढला आणि तिच्यासमोरच लावला. रामहरी तात्या इंदापूरकडचे. सुयोगचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक.

“तात्या, रोपं पंधरा दिवसांत होत न्हाईत. महिना लागंल.”

पलीकडून चढलेला आवाज प्रगतीलाही ऐकू आला. “रान तयार करून ठिवलंय मी! आता काय त्यात गोट्या खेळू?”

“चूक माझी हाय. दुसरीकडनं घेतली तरी राग न्हाय.”

“निम्मी घेणारच दुसरीकडनं. निम्म्याची वाट बघतो. पुन्यांदा असं केलंस तर तोंड बघणार न्हाय.”

सुयोगनं फोन खिशात टाकला. “झालं. गेलं ते माझ्यातलं गेलं. तुझ्यातलं कशाला घालवायचं?”

“न विचारता केलंस.”

“तू राजीनामा मला विचारून लिहिलास?”

प्रगतीला हसू आलं, पण डोळेही भरले. ते पुसून ती उठली. “उद्या संध्याकाळपर्यंत आहे मी. ट्रे भरायला कोण येतं?”

फुलाबाई आणि साखरबाई येत. प्रगतीनं दोघींना आणि सुयोगला उरलेल्या रोपांसमोर एका ओळीत बसवलं. स्वतः ब्लेड धरलं ते एकदाच, दाखवण्यापुरतं. मग नुसती मागं उभी राहिली. चुकलं की परत, पुन्हा चुकलं की पुन्हा. ती कुणावर आवाज चढवत नव्हती आणि कुणाच्या हातातलं काम काढूनही घेत नव्हती.

“मालक, तुमची बोटं हायती का गाजरं?” फुलाबाई म्हणाली. साखरबाईच्या हातातली क्लिप हसता हसता उडाली.

“हसा. आज रोजगार मीच देणाराय,” सुयोग म्हणाला आणि पुन्हा कापायला लागला.

रविवारी संध्याकाळी तंबू बंद झाला. प्रगतीनं चंद्राबाईच्या पायांना हात लावला. “काकू, दोन वर्षं. तिथलं शिकून मी इथंच येणार आहे.”

“दोन वर्सं लोकांना काय सांगू?”

“सून वांगी करतीय म्हणून सांगा.”

चंद्राबाई हसली नाही. पण भाकरी बांधून दिली, आणि धाकटी बॅग स्वतः मोटरसायकलीपर्यंत नेली.

त्या आठवड्यात व्हिडिओ नाही, असं दोघांनी ठरवलं. रोज रात्री फोनवर नुसतं बोलायचे. “बघितलंस?” “नाही.” “खरं?” “आईशप्पथ नाही.”

पुढल्या सोमवारी सकाळी प्रगती जालन्याच्या शेतात वाकून फुलाला पराग लावत होती. फोन वाजला. तिनं तो वाजू दिला. ते फूल झालं, शेजारचं झालं, ओळ संपली. मग हात पुसून तिनं फोन लावला.

“सांग.”

“बरीच जगली. पाव एक हिस्सा मेली.”

“मेली ती कुणी बांधलेली?”

मागून फुलाबाईचा आवाज आला, “सगळी मालकांची!” आणि दोघी बायका खिदळल्या.

“मग?” प्रगतीनं विचारलं.

“मग काय? ब्लेड हातातच आहे. तू तुझं काम कर. ठेवतो.”