भट्टीवर एकच जीभ

आमच्या ह्यांनी सूनबाईला हॉटेलची करी शिकवायला घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा सुधारला. मला तसं वाटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर सुंभसुद्धा शाबूत होता.

खाली आमचं हॉटेल, वर आमचं घर. लग्न होऊन आले तेव्हापासून हॉटेलचं स्वयंपाकघर मी जिन्याच्या खिडकीतूनच बघत आले आहे. ह्यांचा नियम होता: बायकांचा हात घरच्या गॅसला, भट्टीला पुरुषाचा. नवी नवरी असताना मी एकदा हौसेनं खाली गेले आणि एका पातेल्यात डाव घालून ढवळलं. ह्यांनी नोकरांसमोर ते अख्खं पातेलं मोरीत ओतलं आणि म्हणाले, "आता घास, तुझंच आहे." मी घासलं. त्यानंतर खाली गेले नाही.

दुसरा नियम भट्टीवरच्या सगळ्यांना होता. चव एकानंच बघायची, ती ह्यांनी. "भट्टीवर एकच जीभ," असं ते म्हणायचे. दहा जणांनी चाखलं की दहा जण मीठ टाकतात, हे खरं आहे, त्यांचं चुकत नव्हतं. पण आमच्या धाकट्यानं लहानपणी ग्रेव्हीत बोट बुडवून चाटलं, तेव्हा त्याच बोटाला त्यांनी तापलेलं उलथनं लावलं होतं. पोरगा पुढे कॅटरिंगचा कोर्स करायला गेला, पण बापाच्या हॉटेलातला एक घास त्यानं कधी चाखून पाहिला नाही. नोकरांचंही तेच. चाखणारा दुसऱ्या दिवशी कामावर नसायचा.

मग ह्यांना तो मोठा ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, ओरडणंही परत आलं. एका सकाळी माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. हे पेपर वाचत कप रिकामा करून उठले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ घातलं, खात्री करून घ्यायला. त्यानंतरही काही वेळा घातलं, ते मात्र गंमत म्हणून. नाक गेलं होतं आणि नाकाबरोबर जीभही. ते मला काही बोलले नाहीत, मीही त्यांना काही बोलले नाही. आमच्या संसारात बोलण्यासारखं असं फारसं काही नव्हतंच.

त्याच आठवड्यात त्यांनी सूनबाईला खाली बोलावलं.

ती लग्न झाल्यापासून मागे लागली होती, "बाबा, मला भट्टीवर शिकवा." तिचं नाक असं, की फोडणीचा धूर वर आला की जिन्यातूनच सांगायची, आज जिरं जास्त तापलं. तिचा नवरा, म्हणजे आमचा थोरला, गल्ल्यावर बसतो. अगदी गरीब गाय. बापासमोर त्याचं तोंड उघडायचं ते जांभई द्यायला. आमच्याकडे ज्याच्या हातात भट्टी त्याच्या हातात घर. उद्या भट्टी धाकट्याकडे गेली, तर ह्या दोघांनी जन्मभर त्याच्या ताटाखालचं मांजर होऊन राहायचं, हे तिला नीट कळत होतं. तिला भट्टी हवी होती, आणि तिनं ती तोंडानं मागितली.

"शीक," हे म्हणाले. "शिकलीस तर भट्टी तुझी."

लोकांना वाटतं, हॉटेलच्या करीत काहीतरी गुप्त मसाला असतो. काही नसतं, कांदा असतो. ढीगभर कांदा आलं, लसूण आणि डावभर तेल घालून मंद आचेवर इतका शिजवायचा, की तो कांदा आहे हे विसरायला व्हावं. मग वाटायचा, गाळायचा आणि ग्रेव्ही तयार ठेवायची. ऑर्डर आली की कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल, मसाला, टोमॅटो आणि वर दोन डाव ग्रेव्ही. आच मोठी. कडेला जरा लागू द्यायचं, खरवडून आत घ्यायचं, तेल सुटलं की उतरवायचं. सगळा खेळ कांद्याचा आहे, आणि कांदा नेमका कधी झाला हे डोळ्यांना कळत नाही.

हे तिला चमचा भरून द्यायचे आणि म्हणायचे, "बोल."

"कच्चा आहे, बाबा."

"कच्चा म्हणजे कसा? जिभेवर की घशाशी?"

"घशाशी."

"मग आधी का नाही बोललीस? आईनं तोंड माहेरी ठेवून घेतलं का तुझं?"

नोकर हसायचे. हसले नाहीत तर त्यांनाही मिळायचं. तिच्या कढया ते मोरीत ओततच होते, त्यात मला नवीन काही नव्हतं. पण ग्रेव्ही निववून चाखायची नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. उकळती घ्यायची, गार झाली की चव लपते म्हणे. तिच्या जिभेला फोड आले. ती दूधभातावर राहिली आणि चमचा पुढे आला की तोंड उघडत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तोंड उघडून होता. फोड वाढले तेव्हा मात्र हे घाबरले. स्वतः बाजारात जाऊन मध घेऊन आले. थोरला मला म्हणाला, "बघ आई, बाबांचा किती जीव आहे तिच्यावर." जीव होता, पण तिच्या जिभेवर.

ती शिकली. हे नुसते शेजारी उभे राहायचे, ती बोलायची आणि तिच्या बोलण्यावर पातेली उतरायची. गिऱ्हाइकं म्हणायची, वस्ताद, तुमच्या हाताला आजारपणानं उलट धार आली. हे मान डोलवायचे.

मग धाकटा कोर्स पुरा करून आला. उंच पांढरी टोपी, डबल बटणांचा कोट आणि सेंटचा असा भपकारा, की तो जिना चढायच्या आधी त्याचा वास वर यायचा. दुपारी हॉटेल बंद असताना ह्यांनी सगळ्यांना बसवलं.

"रविवारी बाजारातल्या दुकानदारांचं जेवण आहे आपल्याकडे. त्यांच्या संघाचे अध्यक्षही येणार. त्यांच्यासमोर मी भट्टी धाकट्याच्या हातात देणार."

सूनबाईनं विचारलं, "आणि मी, बाबा?"

"तू त्याच्या शेजारी उभं राहायचंस. तो विचारेल तेव्हा चव सांगायचीस. जन्माचं काम दिलंय तुला, अजून काय पाहिजे?"

थोरल्यानं गल्ल्याच्या किल्लीकडे बघितलं. धाकट्यानं टोपी सारखी केली. आयत्या बिळावर नागोबा, तोही कोट घालून. माझ्या पोटचाच आहे, पण त्या क्षणी मला त्याचा संताप आला.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघी चादरी काढत होतो. मला राहवेना. म्हटलं, "तुला एक सांगते. ह्यांना वास येत नाही. चवही कळत नाही."

तिनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "माहीत आहे, आई. पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग एवढं सोसलंस कशाला?"

"ज्याला चव नाही, त्याला भट्टी कुणाला तरी द्यावीच लागणार. मला वाटलं, मला देतील." तिनं घडी घातली. "माझ्या जिभेला आता कडेला काही लागत नाही, आई. मधल्या भागावर चालवते मी."

मी तिला जवळ घेतलं नाही. आमच्यात तशी रीत नव्हती. पण मला वाईट वाटलं, आणि ह्यांच्याबद्दल तर फारच वाईट काही वाटलं.

शनिवारी संध्याकाळी धाकट्यानं मोठं पातेलं भरून ग्रेव्ही केली. म्हणजे कांदा सूनबाईनं शिजवला आणि धाकटा टोपी घालून उभा राहिला. आता गरम ग्रेव्हीवर झाकण घालायचं नाही, हे भांडी घासणाराही सांगेल. पसरट परातींत ओतायची, वाफ जाऊ द्यायची, मग फ्रीजमध्ये ठेवायची. उन्हाळ्यात झाकून ठेवली की ती सकाळपर्यंत नासते, आणि रंग मात्र तसाच राहतो. धाकट्यानं झाकण घातलं, हात पुसले आणि मित्रांकडे निघून गेला. सूनबाई शेजारीच होती. तिला विचारलं तरच बोलायचं होतं, आणि झाकणाबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी जिन्यात आले तर वास तिथपर्यंत आलेला. रात्रभर ओलं राहिलेलं फडकं असावं तसा. खाली भांडी घासणारा हात थांबवून पातेल्याकडे बघत होता. मग त्यानं ह्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा घासायला लागला. धाकटा सेंटमध्ये बुडून कोथिंबीर रचत होता.

ह्यांनी चमचा भरला. "बोल."

तिनं तो तसाच उकळता तोंडात घेतला. तिची नजर क्षणभर वर खिडकीकडे आली, माझ्याकडे. मी हलले नाही.

"छान आहे, बाबा."

"आंबट?"

"टोमॅटोपुरतं."

"वाढायला सोडू का, बाबा?" धाकट्यानं विचारलं.

"सोड."

माणसं भरपूर आली होती. वाढून झालं, आणि हे अध्यक्षांच्या टेबलाशी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. अध्यक्षांनी एक घास घेतला, तो कसाबसा गिळला आणि रुमाल तोंडाला लावला. भला माणूस होता. हळूच म्हणाला, "वस्ताद, आज करी जरा उतरल्यासारखी वाटतेय."

हे हसले. "माझ्या भट्टीवरची?" त्यांनी अध्यक्षांच्याच वाटीत चमचा बुडवला, डोळे मिटून चाखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उत्तम. इतकी चांगली जन्मात झाली नव्हती."

पलीकडच्या टेबलावर लोकांनी वाट्या दूर सारल्या होत्या. एकानं घास ताटाच्या कडेला काढून ठेवला होता. धाकट्यानं बापाच्या हातातला चमचा घेऊन जिभेला लावला आणि लगेच तळहातात थुंकला.

"बाबा, ही नासलीय."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग वाटीकडे, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सूनबाईकडे. त्यांनी पुन्हा चमचा भरून तोंडात घातला, जरा वेळ धरला आणि गिळला. सगळ्या बाजारासमोर त्यांचं नाक गेलं, ते ह्या दुसऱ्या चमच्याला.

तेव्हा आमचा थोरला गल्ल्यावरून उठला. "मंडळी, थोडं थांबा," म्हणाला, आणि दाराकडे वळून, "अगं, भट्टी तू बघ."

तिनं फ्रीजमधून दुसरं पातेलं काढलं. शनिवारी दुपारीच करून, निववून ठेवलेलं. धाकटा झाकण घालणार हे तिला आधी ठाऊक होतं, की नुसती आशा होती, ते मी कधी विचारलं नाही. तिनं कढया तापवल्या. धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, ताटं पुसा." त्यानं टोपी काढून ठेवली आणि ताटं पुसायला घेतली.

हे वर येऊन खुर्चीत बसले. खालून कढयांचा आवाज येत होता, आणि मग लोकांच्या बोलण्याचा, हसण्याचा.

"तुला वास आला होता?" त्यांनी मला विचारलं.

"जिन्यापर्यंत आला होता."

"मग?"

"मग काय? मला कोण विचारतं?"

थोरला भात आणि करीचं ताट ठेवून गेला. हे बराच वेळ त्या ताटाकडे बघत होते. इतक्या वर्षांत माझ्या हातचं असो की त्यांच्या, त्यांनी मला कधी चव विचारली नव्हती. आज ताट माझ्याकडे सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कशी झालीय, सांग ना."

मी घास घेतला. त्यांच्या उमेदीच्या काळातही त्यांना अशी जमली नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सावकाश चावून गिळलं, बोटं पुसली आणि ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"खाऊन बघा," मी म्हटलं.